‘स्वखुशीने राजीनामा’ आणि तृतीयपंथी कामगारांचे संरक्षण

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तृतीयपंथी व्यक्तींना नोकरीत कायद्याचे वेगळे संरक्षण हवे का, या विषयावर जेव्हा जेव्हा चर्चा होते तेव्हा तिच्यात दोन विधाने हटकून येतात. एक म्हणजे असा कायदा आपल्याकडे २०१९ मध्येच झाला आहे, मग आणखी काय हवे? दुसरे असे की, केवळ तृतीयपंथी आहे म्हणून कामावरून काढल्याचे पत्र फारसे कुणी दाखवू शकत नाही, तेव्हा हा प्रश्न आहे त्याहून मोठा करून सांगितला जातो. पहिल्या विधानाचे उत्तर कायद्याच्या मजकुरातच आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. दुसऱ्या विधानाचे उत्तर मात्र मला स्वतःच्या अनुभवातून देता येते, कारण मी एका खासगी कारखान्याच्या कार्मिक विभागात ३१ वर्षे काम केले आहे आणि असे पत्र का सापडत नाही हे मला ठाऊक आहे. ते सापडत नाही, कारण ते लिहिलेच जात नाही. लिहिला जातो तो राजीनामा, आणि तो त्या कामगाराच्याच हस्ताक्षरात असतो.

ही गोष्ट २०१५ ची आहे. आमच्या पॅकिंग विभागात सहा वर्षे काम केलेल्या, चांगली हजेरी असलेल्या, एकदाही मेमो न मिळालेल्या एका कामगाराने आपल्या सुपरवायझरला सांगितले की आपण स्त्री आहोत आणि यापुढे तसेच राहू इच्छितो. नोकरीला लागताना त्यांच्या कागदांवर ‘पुरुष’ अशी नोंद होती. त्यानंतरच्या पाच महिन्यांत काय झाले ते मी क्रमाने सांगतो, कारण या प्रकाराची रीत त्या क्रमातच दिसते. कपडे बदलण्याच्या खोलीबद्दल काही पुरुष कामगारांनी तक्रार केली. आम्ही तोडगा म्हणून त्यांना मुख्य फाटकाजवळच्या सुरक्षारक्षकांच्या खोलीमागचे स्वच्छतागृह वापरायला सांगितले. ते पॅकिंग विभागापासून इतके लांब होते की जाऊन येण्यातच बराच वेळ जाई. तो वेळ ‘जागेवर गैरहजर’ म्हणून नोंदला जाऊ लागला. तीन नोंदी झाल्यावर मेमो गेला, दुसऱ्या मेमोनंतर त्यांना भांडार विभागात हलवले, आणि तिथे गेल्यावर उत्पादनाशी जोडलेला भत्ता आपोआप बंद झाला. शेवटी त्यांना माझ्या खोलीत बोलावण्यात आले. राजीनामा दिलात तर पूर्ण हिशेब आणि चांगला दाखला मिळेल, नाही तर खात्यांतर्गत चौकशी सुरू होईल आणि तिचा डाग पुढच्या नोकरीच्या आड येईल, असे मी त्यांना समजुतीच्या स्वरात सांगितले. ‘वैयक्तिक कारणास्तव, स्वखुशीने’ हे शब्द मी सांगितले आणि त्यांनी लिहिले. दोन साक्षीदारांच्या सह्या मी घेतल्या.

या पाच महिन्यांतला एकही कागद काढून पाहिला तरी त्यात त्यांच्या लिंगओळखीचा उल्लेख सापडणार नाही. प्रत्येक कागद नियमाला धरून होता. व्यवस्थापनातल्या कुणी मला ‘यांना काढा’ असे म्हटले नव्हते, आणि माझ्याही मनात त्यांच्याविषयी द्वेष नव्हता. एक अडचण मिटली एवढीच माझी त्या दिवशीची भावना होती. त्या बाईंची मी त्यानंतर माफी मागितलेली नाही, कारण त्या कुठे गेल्या याची चौकशीही मी कधी केली नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती के. एस. राधाकृष्णन आणि न्यायमूर्ती ए. के. सिक्री यांच्या खंडपीठाने १५ एप्रिल २०१४ रोजी, म्हणजे त्याच्या आदल्याच वर्षी, तृतीयपंथी व्यक्तींना स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क आहे असे सांगितले होते. ती बातमी आमच्या कार्यालयात सर्वांनी वाचली होती. तिचा आपल्या मस्टरशी काही संबंध आहे असे आमच्यापैकी एकालाही वाटले नाही.

आता कायद्याकडे वळतो. तृतीयपंथी व्यक्ती (हक्कांचे संरक्षण) कायदा, २०१९ हा १० जानेवारी २०२० पासून अमलात आला. त्याच्या कलम ३ ने नोकरीतील अन्यायकारक वागणूक, नोकरी नाकारणे आणि नोकरीवरून काढणे यांना मनाई केली. कलम ९ ने भरती आणि पदोन्नतीसह नोकरीच्या कोणत्याही बाबतीत भेदभाव करण्यास प्रत्येक आस्थापनेला मज्जाव केला, आणि यातील ‘आस्थापना’ या शब्दात सरकारी कार्यालयांबरोबर खासगी कंपन्या, पेढ्या आणि सहकारी संस्थाही येतात. कलम ११ नुसार प्रत्येक आस्थापनेने एक तक्रार अधिकारी नेमायचा आहे. २०२० च्या नियमांनी त्यात तपशील भरला. समान संधीचे धोरण जाहीर करावे, स्वच्छतागृहांची सोय करावी, कर्मचाऱ्याच्या लिंगओळखीची माहिती गोपनीय ठेवावी, तक्रार अधिकाऱ्याने १५ दिवसांत चौकशी करावी आणि आस्थापनेच्या प्रमुखाने अहवालानंतर १५ दिवसांत कार्यवाही करावी, असे हे नियम सांगतात. वाचताना समाधान वाटावे असाच हा मजकूर आहे.

परंतु कार्मिक विभागात काम केलेला माणूस कोणताही नवा कायदा हाती आला की शेवटच्या पानांवरचे दंडाचे कलम आधी वाचतो, आणि मीही तेच केले. कलम १८ मध्ये सहा महिने ते दोन वर्षे कैद आणि दंड अशी शिक्षा आहे. ती वेठबिगारीसाठी आहे, सार्वजनिक जागी जाण्यास अडवण्यासाठी आहे, घरातून किंवा गावातून हुसकावून लावण्यासाठी आहे, शारीरिक, लैंगिक, मानसिक आणि आर्थिक छळासाठी आहे. नोकरीतल्या भेदभावाचे नाव त्या यादीत नाही. कलम ९ मोडणाऱ्या, तक्रार अधिकारी न नेमणाऱ्या किंवा त्याचा अहवाल बासनात बांधून ठेवणाऱ्या मालकाला काय भोगावे लागेल, हे कायदा सांगत नाही. काढलेल्या माणसाला कामावर परत घेण्याचा किंवा भरपाई देण्याचा आदेश कोणत्या अधिकाऱ्याने द्यायचा, हेही तो सांगत नाही. याच्या शेजारी दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा ठेवून पाहावा. तिथे दाद मागायला आयुक्त आहेत, आणि तरतुदी मोडल्यास पहिल्या वेळी १० हजार रुपयांपर्यंत व त्यानंतर ५० हजार ते ५ लाख रुपयांपर्यंत दंड आहे. तो कायदा परिपूर्ण आहे असे मी म्हणत नाही, पण त्या आकड्यांमुळे कंपन्यांच्या फायली हलताना मी पाहिल्या आहेत.

एका तृतीयपंथी शिक्षिकेला उत्तर प्रदेश आणि गुजरातमधील दोन खासगी शाळांत नोकरी गमवावी लागल्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये निकाल दिला. हा कायदा कागदावरच राहिल्याबद्दल न्यायालयाने त्यात तीव्र नाराजी व्यक्त केली, शिक्षिकेला भरपाई दिली आणि समान संधीच्या धोरणासाठी निवृत्त न्यायमूर्ती आशा मेनन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. मला त्या निकालाचे मनापासून स्वागत करावेसे वाटते. पण एका शिक्षिकेला भरपाईसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागणे हे, कायदा आहेच की, असे म्हणणाऱ्यांनी जरा थांबून पाहावे असे आहे. पॅकिंग विभागातला किंवा कंत्राटदाराकडचा कामगार कामगार न्यायालयाची पायरी चढतानाही दहादा विचार करतो.

या विषयावरचा वाद केवळ आपल्याकडचा नाही, आणि अमेरिकेतील दोन घटना आपल्याला उपयोगी पडतील असे वाटते. तिथे लैंगिक कलाच्या आधारे नोकरीत भेदभाव करण्यास मनाई करणारे विधेयक १९९४ पासून संसदेत येत होते. २००७ मध्ये त्यात लिंगओळखीचाही समावेश करण्यात आला. पण एवढी मते मिळणार नाहीत असे सांगून काही महिन्यांतच तृतीयपंथी व्यक्तींना त्यातून वगळले गेले. आधी जमेल तेवढे करू, उरलेल्यांचे नंतर पाहू, हा युक्तिवाद तेव्हा समंजस वाटला होता. वगळलेले विधेयक ७ नोव्हेंबर २००७ रोजी प्रतिनिधिगृहात २३५ विरुद्ध १८४ मतांनी संमत झाले आणि सिनेटमध्ये पुढे सरकलेच नाही. ज्यांना वगळले त्यांचे नुकसान झाले आणि ज्यांच्यासाठी वगळले त्यांनाही काही मिळाले नाही. बरोबर सहा वर्षांनी, ७ नोव्हेंबर २०१३ रोजी, तृतीयपंथी व्यक्तींचा समावेश असलेले विधेयक सिनेटने ६४ विरुद्ध ३२ मतांनी संमत केले. या वेळी प्रतिनिधिगृहाने ते विचारात घेतले नाही. ‘समाजाची तयारी झाली की मग’ असे जे आपल्याकडे म्हणतात, त्यांनी ही वर्षे मोजावीत.

दुसरी घटना एमी स्टीफन्स यांची. मिशिगन राज्यात अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या एका संस्थेत त्या नोकरीला होत्या. २०१३ मध्ये त्यांनी आपल्या मालकाला पत्र लिहून आपण यापुढे स्त्री म्हणून कामावर येऊ असे कळवले, आणि त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांना काढण्यात आले. १५ जून २०२० रोजी तेथील सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी ठरवले की एखाद्याला तृतीयपंथी म्हणून काढणे म्हणजे लिंगाच्या आधारेच काढणे होय, आणि १९६४ च्या नागरी हक्क कायद्याने त्याला मनाई आहे. निकालाच्या जेमतेम महिनाभर आधी स्टीफन्स वारल्या. या खटल्यात मालकाने काढण्याचे कारण लपवले नव्हते. त्याने ते उघडपणे मान्य केले होते. म्हणून न्यायालयासमोर प्रश्न फक्त कायद्याच्या अर्थाचा उरला. आमच्या कारखान्यातील प्रकरण कोणत्याही न्यायालयात गेले असते तर तिथे अर्थाचा प्रश्न आलाच नसता, कारण समोर फक्त तीन नोंदी, दोन मेमो आणि एक राजीनामा असता. भेदभावाला मनाई आहे एवढेच म्हणणारा कायदा प्रामाणिकपणे कारण सांगणाऱ्या मालकाला पकडतो आणि आमच्यासारख्यांना सोडून देतो.

तृतीयपंथी स्त्रियांनी स्त्रियांचे स्वच्छतागृह वापरले तर स्त्री कामगारांच्या सुरक्षिततेचे काय, हा मुद्दा मी टाळू इच्छित नाही. स्त्री कामगारांना वाटणारी भीती खोटी ठरवण्याचा मला अधिकार नाही. आयुष्यभर जे सोसले त्यातून ती येते. पण कारखान्यात आतून कडी लागणारी, पूर्ण भिंतींची, कुणालाही वापरता येतील अशी दोन स्वच्छतागृहे बांधण्याचा खर्च एका यंत्राच्या दुरुस्तीएवढाही नसतो, आणि आम्ही तो २०१५ मध्ये केला असता तर पुढचे काहीच घडले नसते. ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने १६ एप्रिल २०२५ रोजी तेथील समानता कायद्यातील ‘स्त्री’ या शब्दाचा अर्थ जैविक लिंगाप्रमाणे घ्यावा असा निकाल दिला, त्याचा दाखला आपल्याकडेही दिला जातो. तो देणाऱ्यांनी हेही सांगावे की, लिंगबदलाच्या आधारे भेदभाव न होण्याचे २०१० च्या कायद्यातील संरक्षण कायम आहे, असे त्याच निकालात स्पष्ट केले आहे. कोणी कोणती जागा वापरावी यावर मतभेद असू शकतात. त्या मतभेदाची किंमत कुणाच्या नोकरीने चुकवायची नाही, याबद्दल असू नयेत. शिवाय सुरक्षिततेचा प्रश्न तृतीयपंथी स्त्रियांच्या बाजूनेही विचारावा लागेल. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा ‘पीडित महिले’ला तक्रारीचा हक्क देतो, तृतीयपंथी स्त्रीने तक्रार केली तर ती घ्यायची की नाही, यावरच अशा तक्रारी ऐकणाऱ्या समितीचे सदस्य अडतात. आणि २०१९ च्या कायद्यात तृतीयपंथी व्यक्तीच्या लैंगिक छळाला जास्तीत जास्त दोन वर्षे शिक्षा आहे, तर स्त्रीवरील बलात्काराला किमान दहा वर्षे.

संख्या थोडी आहे, असेही म्हटले जाते. २०११ च्या जनगणनेत ‘इतर’ या रकान्यात देशभरात सुमारे ४ लाख ८८ हजार व्यक्तींची नोंद झाली, त्यांतील सुमारे ४१ हजार महाराष्ट्रातल्या. नोंद करून घ्यायला धजावले ते एवढे. आपल्याच राज्यात पोलीस भरतीच्या अर्जात स्त्री आणि पुरुष असे दोनच रकाने होते. तिसरा रकाना ठेवा असे महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणाने सांगितले, त्याविरुद्ध सरकार उच्च न्यायालयात गेले, आणि न्यायालयाने खडसावल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये तो रकाना ठेवण्याचे मान्य झाले. अर्जच भरता येत नसेल तर संख्या थोडी दिसणारच. उलट जिथे ठरवून दार उघडले तिथे माणसे आली. पिंपरी-चिंचवड महापालिकेने २०२२ मध्ये सुरक्षेच्या कामासाठी तृतीयपंथी व्यक्तींना नेमले. कर्नाटकाने २०२१ मध्ये सरकारी नोकऱ्यांत एक टक्का समांतर आरक्षण दिले. कोची मेट्रोने २०१७ मध्ये २३ तृतीयपंथी व्यक्तींना काम दिले, परंतु शहरात कुणी भाड्याने खोली देईना म्हणून त्यांतील काहींना अल्पावधीतच ते सोडावे लागले. त्या उदाहरणावरून काहीजण म्हणतात, पाहा, यांना नोकरी टिकवता येत नाही. ज्याला रात्री झोपायला जागा मिळत नाही तो सकाळच्या पाळीला कसा हजर राहील, असे मी त्यांना विचारतो.

कुणाला कामावर ठेवावे आणि कुणाला काढावे हे मालकाचे स्वातंत्र्य आहे, हा मुद्दा मला सर्वांत कमी पटतो, कारण आपल्या कामगार कायद्यांनी ते स्वातंत्र्य गरजेप्रमाणे मर्यादित केले आहे आणि उद्योग त्याने बुडालेले नाहीत. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्याने प्रसूतीच्या रजेच्या काळात बाईला काढणे किंवा तिच्या सेवाशर्ती तिच्या तोट्याच्या होतील अशा बदलणे बेकायदा ठरवले. त्यासाठी मालकाचा हेतू वाईट होता हे तिला सिद्ध करावे लागत नव्हते, त्या काळात काढले एवढेच पुरे होते. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम ३३ ने वाद प्रलंबित असताना संबंधित कामगाराच्या बडतर्फीवर आणि सेवाशर्तींतील बदलांवर परवानगीचे बंधन घातले. त्या कलमाखाली मी स्वतः कितीतरी अर्ज केले. कारण खरे असले की परवानगी मिळे. चोरी केलेल्या कामगाराला त्या कलमाने वाचवल्याचे मला आठवत नाही. आता हे कायदे नव्या श्रमसंहितांत सामावले आहेत, आणि वेतनसंहितेने स्त्री-पुरुष अशी जोडी न वापरता ‘लिंग’ हा शब्द धरून भेदभावाला मनाई केली आहे, ही चांगली गोष्ट आहे. तत्त्व मात्र जुनेच आहे: जिथे दुबळ्या बाजूला हेतू सिद्ध करणे अशक्य असते, तिथे कारण दाखवण्याचे ओझे कायदा मालकावर टाकतो.

तेच तत्त्व तृतीयपंथी कामगारांना लावावे, एवढीच माझी मागणी आहे. एखाद्या कर्मचाऱ्याने आपली लिंगओळख आस्थापनेला कळवल्यापासून किंवा तक्रार अधिकाऱ्याकडे तक्रार केल्यापासून एक वर्षापर्यंत त्याची बदली, भत्त्यातली कपात, मेमो किंवा सेवासमाप्ती झाली, तर तिचे खरे कारण लिंगओळख नव्हते हे मालकाने दाखवावे. त्या वर्षातला राजीनामा सरकारी कामगार अधिकाऱ्याने त्या व्यक्तीशी एकटीशी बोलल्याशिवाय ग्राह्य धरू नये. कामावर परत घेण्याचा आणि भरपाई देण्याचा अधिकार कामगार न्यायालयाला असावा आणि तक्रार अधिकारी न नेमणाऱ्या आस्थापनेला दंड असावा. कंत्राटी कामगारांसाठी ही जबाबदारी मूळ आस्थापनेवर यावी, कारण सुरक्षा, सफाई आणि पॅकिंगची कामे आज बहुतेक ठिकाणी कंत्राटदारांकडेच आहेत. आणि आधार, पॅन, गुणपत्रिका व भविष्यनिर्वाह निधी यांवरची नावे जुळत नाहीत या सबबीवर कुणाचा पगार किंवा निधी अडवू नये. नाव बदलण्याच्या काळात हे प्रत्येकाच्या वाट्याला येते, आणि त्या दिवसांत माणूस कंटाळून स्वतःच निघून जातो.

याचा गैरवापर होईल ही भीती मला प्रामाणिक वाटते, म्हणून एक सांगतो. २०१५ मध्ये असा नियम असता तर मला कामगार अधिकाऱ्यापुढे बसून सांगावे लागले असते की, सहा वर्षे एकही मेमो नसलेल्या कामगाराला आम्ही फाटकाजवळच्या स्वच्छतागृहात का पाठवले आणि तिथे जाण्यायेण्याच्या वेळेबद्दलच मेमो का दिला. या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. ते देता येणार नाही हे कळले असते, तर मी तो राजीनामा लिहून घेतला नसता; व्यवस्थापकांकडे जाऊन दोन स्वच्छतागृहांच्या खर्चाची मंजुरी मागितली असती.

आपला,
एक निवृत्त कार्मिक अधिकारी